चेन तिसऱ्यांदा गेली, आणि तिन्ही वेळा दोष चेनलाच

ह्या वेळी पत्रांत एकच दुखणं पुन्हा पुन्हा दिसलं, टायमिंग चेन, म्हणजे इंजिनातल्या व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनच्या वेळेशी जुळवून ठेवणारी साखळी. कुणाची वाजतेय, कुणाच्या चेनने उडी मारलीय (चाकाचा दात सोडलाय), कुणाची बदलून वर्ष झालं नाही तोवर परत तोच आवाज. म्हणून क्लच, बॅटरी आणि एसीची पत्रं पुढच्या अंकाला ठेवली आणि ही सगळी पानं ह्याच विषयाला दिली. कराडच्या पत्राचं उत्तर बरंच लांबलंय, पण त्यात जे घडलंय ते मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात बसून ३० वर्षं बघतोय आणि दर वेळी जीव हळहळतो, माणसाचे पैसे जातात आणि मूळ आजार तसाच राहतो.

प्रश्न : नमस्कार काका, माझी २०१४ची डिझेल हॅचबॅक आहे, १.३ लिटरचं इंजिन, रनिंग आता १,६८,००० किमी. मी शिक्षक आहे, रोज कराड ते पाटण येऊन-जाऊन आणि महिन्यातून दोनदा पुणे. १,१२,०००ला पहिल्यांदा चेन वाजायला लागली, सकाळी सेल्फ मारला की दोन-तीन सेकंद खळखळ आणि मग शांत. चेन बदलली, १४ हजार गेले. २५ हजार किमी झाले की परत तोच आवाज, परत चेन, ह्या वेळी टेन्शनर (चेन ताणून धरणारा भाग) पण टाकला. आणि आता गेल्या महिन्यात पुण्याहून येताना खंबाटकी घाट चढत असताना इंजिन एकदम बंद पडलं, सेल्फ मारला तर नुसतंच हलकं फिरत होतं, टोचन करून आणली तर चेनने उडी मारलीय आणि चार रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे छोटे दांडे) तुटलेत. मेकॅनिक म्हणतो त्या कंपनीच्या चेनच खराब येतात, दुसऱ्या कंपनीची टाकू. बायको म्हणते भंगारात द्या. ऑईल मी वेळेवर बदलतो, दर १५ हजाराला, फुल सिंथेटिक, दुकानदार तर म्हणाला होता २० हजार आरामात चालतं. मध्ये एकदोनदा घाटात वळणावर ऑईलचा लाल दिवा लुकलुकला होता पण सरळ रस्त्याला आलो की जायचा म्हणून लक्ष दिलं नाही. काय करू? (एक वाचक, कराड)

उत्तर : गुरुजी, आधी वहिनींना माझा निरोप सांगा, गाडी भंगारात द्यायची नाही. इंजिन चांगलं आहे, एके काळी कितीतरी वेगवेगळ्या कंपन्यांच्या छोट्या गाड्यांत हेच बसायचं, आपल्या रांजणगावलाही बनायचं, आणि ऑईल सांभाळलेली ह्यातली इंजिनं पहिल्याच चेनवर दोन लाखाच्या पुढे गेलेली मी स्वतः बघितलीत. दुसरं, चेनची कंपनी बदलून काहीही होणार नाही. तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुम्हीच पत्राच्या शेवटी लिहिलंय, तो लाल दिवा.

त्या दिव्याचा अर्थ नीट समजून घ्या कारण नव्वद टक्के नाही तर जवळजवळ प्रत्येक माणसाचा इथे घोळ होतो. तो दिवा ऑईल किती आहे ते सांगत नाही, ऑईलचं प्रेशर गेलं ते सांगतो, आणि त्याचा स्विच साधारण अर्धा बारच्या आसपास किंवा त्याच्याही खाली प्रेशर आलं तेव्हा कुठे जागा होतो. म्हणजे घाट चढताना इंजिनवर पूर्ण लोड आहे आणि प्रेशर जवळपास शून्य. वळणावरच का, तर चेंबरमधलं, म्हणजे इंजिनच्या तळाच्या टाकीतलं, ऑईल कमी झालं होतं, गाडी वळली की ते एका बाजूला जातं, पंपाच्या तोंडाची जाळी उघडी पडते आणि पंप ऑईलऐवजी हवा ओढतो. सरळ रस्त्याला आलात, ऑईल परत जाळीवर आलं, दिवा गेला. ह्या इंजिनच्या चेंबरमध्ये जेमतेम तीन लिटरच्या वर ऑईल बसतं, त्यातलं १५ हजार किमीत लिटरभर जळालं (लाखाच्या पुढच्या डिझेलमध्ये ही काही जगावेगळी गोष्ट नाही) तर तिसरा हिस्सा गेला, आणि मध्ये एकदाही ऑईल मोजायची काडी बघितली नाही तर कळणार कसं. तुम्ही ऑईल "वेळेवर" बदलत होतात हे खरंय, पण दोन बदलांच्या मधले शेवटचे कितीतरी हजार किमी गाडी अर्धपोटी चालत होती.

आता चेनचा आणि ह्याचा संबंध. खाली क्रँक (पिस्टनने फिरणारा दांडा), वर कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा), क्रँक दोनदा फिरला की कॅम बरोबर एकदा फिरायचा, एक दात सुद्धा इकडेतिकडे नाही, कारण पिस्टन वर येताना व्हॉल्व्ह मिटलेले नसतील तर टक्कर. हा मेळ चेन ठेवते आणि चेनला ताणून धरतो टेन्शनर. लोकांना वाटतं त्यात स्प्रिंग आहे आणि तीच सगळं करते. स्प्रिंग असते, पण ती इंजिन चालू व्हायच्या पहिल्या क्षणापुरती, खरा जोर ऑईलच्या प्रेशरचा, पंपाने दाबलेलं ऑईल एका बारीक भोकातून टेन्शनरच्या दट्ट्यामागे जातं आणि दट्ट्या पट्टीला, पट्टी चेनला दाबून धरते. तुमचा सकाळचा खळखळाट म्हणजे तिथे ऑईल पोचेपर्यंत सैल चेन पट्टीवर आणि कव्हरवर आपटत होती. दोन-तीन सेकंदांनी "शांत" झाली म्हणजे बरी झाली असं नव्हे, प्रेशर आलं एवढंच.

आणि चेन "लांबते" असं आपण म्हणतो पण पोलाद काही रबरासारखं ताणत नाही. प्रत्येक कडीत पिन असते, ती आपल्या भोकात फिरते, दोन्हीच्या मध्ये ऑईलचा पातळ थर, तो थर गेला की पिन झिजते. समजा १२० कड्या आहेत आणि प्रत्येक जोडात ०.०२ मिमी झीज झाली, केसाच्या जाडीपेक्षाही कमी, तर वर्गात मुलांना देता तसा गुणाकार करा, २.४ मिमी होतात. चेन एवढी वाढली की कॅम क्रँकच्या मागे पडायला लागतो, पिकअप कमी, अ‍ॅव्हरेज कमी, सकाळी सेल्फ जास्त वेळ मारावा लागतो. स्कॅनर लावला तर क्रँक आणि कॅमचा मेळ नाही असा कोड येतो, पी००१६, हा कोड दिसला की सेन्सर बदलत बसायच्या आधी चेन बघा, सेन्सरवर लोकांचे उगाच पैसे जातात.

ह्यात डिझेलची काजळी आणखी भर घालते. ऑईल बदलल्यावर दोन दिवसांत काळं झालं म्हणून लोक घाबरून फोन करतात, ते वाईट नाही, काजळी धरून ठेवणं हेच त्याचं काम. पण ती विखरून ठेवणारी जी द्रव्यं ऑईलमध्ये घातलेली असतात ती वापरून संपतात, मग काजळीचे कण एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि पिनांच्या मध्ये शिरून अगदी व्हॉल्व्ह घासायला आपण पेस्ट लावतो ना तसं काम करतात. इथेच तो दुकानदार चुकला. सिंथेटिक ऑईल उष्णतेला टिकतं, थंडीत लवकर वाहतं, चांगलंच आहे, मी पण तेच टाकतो, पण काजळी ऑईलमध्ये दुकानातून येत नाही, तुमच्या इंजिनातून येते, ती सिंथेटिकमध्येही तेवढीच साठते.

मग बदललेली चेन परत परत का गेली. पहिल्या वेळी फक्त चेन बदलली, टेन्शनर जुना, पट्ट्या जुन्या, दातेरी चाकं जुनी. जुन्या चेनबरोबर झिजलेल्या दातांवर नवी चेन बसवली की नवी चेन त्या दातांच्या मापाने झिजते. दुसऱ्या वेळी टेन्शनर टाकला, पण बिलात चेंबर उतरवल्याचा, जाळी साफ केल्याचा, प्रेशर मोजल्याचा काही उल्लेख आहे का बघा, तुमच्या पत्रात तरी नाहीये. म्हणजे नवा टेन्शनर बसवला आणि त्याला तेच कमी, तेच काळं, त्याच अर्ध्या बुजलेल्या जाळीतून येणारं ऑईल पाजलं.

मी हे ठासून सांगतोय कारण हीच चूक माझ्या हातून झालीय. गडहिंग्लजचे एक गिऱ्हाईक होते, त्यांच्या डिझेल गाडीची चेन मी पूर्ण किटसकट बदलली, मनापासून काम केलं, सात महिन्यांत गाडी परत दारात आणि आवाज तोच. तेव्हा चेंबर खाली घेतलं तर जाळीवर डांबरासारखा काळा थर, निम्मी भोकं बंद. पहिल्या वेळी चेंबर उतरवायला अर्धा दिवस जास्त गेला असता म्हणून मी ते सोडलं होतं. ते काम मी स्वतःच्या पैशाने परत केलं आणि त्या दिवसापासून चेंबर उतरवल्याशिवाय माझ्या गॅरेजमध्ये चेन बदलली जात नाही, गिऱ्हाईक नको म्हणालं तर मी काम घेत नाही.

तर आता तुम्ही काय करायचं. रॉकर तुटलेत म्हणजे बऱ्याचदा ह्या इंजिनात रॉकरने मार खाल्लेला असतो आणि व्हॉल्व्ह वाचलेले असतात, पण बऱ्याचदा म्हणजे नेहमी नव्हे, तेव्हा हवा भरून लीक टेस्ट करून घ्या, एखादा जरी व्हॉल्व्ह वाकला असेल तर हेड (इंजिनचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग) उतरवावंच लागेल. चेंबर खाली घेऊन रॉकरचे आणि पट्टीच्या प्लॅस्टिकचे तुकडे सगळे मिळाले पाहिजेत, मोजून, एक तुकडा आत राहिला तर तो जाळीतच जाऊन बसणार. जाळी आणि पंप उघडून बघायचे. टेन्शनरला ऑईल जातं ते भोक हवेने साफ करायचं. चेन, दोन्ही चाकं, टेन्शनर, सगळ्या पट्ट्या, पूर्ण किट. टर्बोचा (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याचा) शाफ्ट हाताने हलवून बघायला सांगा, प्रेशर गेलं तेव्हा तोही कोरडा फिरला आहे. टायमिंग लॉकिंग टूल लावूनच बसवायचं, खडूच्या खुणेवर नाही. आणि इंजिन चालू झाल्यावर दिव्याच्या स्विचच्या जागी मीटर लावून गरम इंजिनचं प्रेशर मोजायचं, मंद गतीला एकदा आणि ३,००० आरपीएमला एकदा, आणि ते दोन आकडे बिलावर लिहून घ्यायचे. कंपनीच्या मापापेक्षा कमी भरले तर बेअरिंग किंवा पंप झिजलाय, मग चेनवर खर्च करून उपयोग नाही, आधी ते.

डब्यातलं फ्लशिंगचं औषध घालू नका, गाळ बसलेल्या इंजिनात ते गाळ सोडवतं आणि सगळा एकदम जाळीवर आणतं. त्यापेक्षा पहिलं ऑईल आणि फिल्टर १,००० किमीला बदला, दुसरं ३,०००ला, नवं ऑईल सावकाश धुऊन काढतं. त्यानंतर ७,५०० किंवा वर्ष, जे आधी येईल ते. तुम्हाला हे जास्त वाटेल, पण तुमच्या गाडीच्या पुस्तकात मागच्या पानांत कठीण परिस्थितीतल्या वापराचा वेगळा तक्ता असतो, धूळ, घाट, कमी अंतराच्या फेऱ्या, ट्रॅफिक, त्यात मुदत कमी केलेली असते. ते पान कुणी उघडत नाही आणि तसं बघितलं तर आपण सगळे त्याच पानावर राहतो. आणि दर रविवारी काडी, सपाट जागेवर, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी, पुसून परत घालून. दोन मिनिटांचं काम आहे गुरुजी, तुमचे आतापर्यंत चेनवर जेवढे गेलेत त्यात आयुष्यभराचं ऑईल आलं असतं.

प्रश्न : भाऊ, मी ठाण्यात टॅक्सी चालवतो, १.२ पेट्रोल गाडी, कंपनीचं सीएनजी, ९५,००० झालेत. चेनचा आवाज सुरू झालाय, आधी फक्त सकाळी होता आता गरम असताना सिग्नलला उभं असताना पण येतो. ऑईलचं म्हणाल तर १८-२० हजाराला बदलतो पण काढलेलं ऑईल बघितलं तर मधासारखं स्वच्छ असतं, सीएनजीमध्ये ऑईल खराबच होत नाही असं आमच्या स्टँडवर सगळे म्हणतात. एका मेकॅनिकने सांगितलं २०डब्ल्यू-५० जाड ऑईल टाक आवाज जाईल. टाकू का? (एक टॅक्सीचालक, ठाणे)

उत्तर : टाकू नका दादा. आवाज कदाचित महिनाभर दबेल, जाड ऑईल ठोक्याचा आवाज झाकतं, पण तेच जाड ऑईल सकाळी टेन्शनरच्या बारीक भोकातून आणि कॅम पुढेमागे करणाऱ्या त्या व्हॉल्व्ह टायमिंगच्या यंत्रणेतून जायला जास्त वेळ लावतं, म्हणजे जो वेळ कमी करायचा तोच वाढला. तुमच्या पुस्तकात जी ग्रेड लिहिलीय, ५डब्ल्यू-३० असेल किंवा ०डब्ल्यू-२०, तीच टाका. डब्यावर मागे एपीआय ह्या अमेरिकन संस्थेचं जे गोल चिन्ह असतं त्यात एसपी लिहिलेलं बघा, ही श्रेणी २०२०मध्ये आली आणि तिच्यात पहिल्यांदा टायमिंग चेन किती झिजते ह्याची वेगळी चाचणी घातली गेली, म्हणजे ऑईलमुळे चेन वाचते किंवा मरते हे आता ऑईलच्या नियमात सुद्धा आलंय.

रंगाचं सांगतो. सीएनजी स्वच्छ जळतो, काजळी जवळपास नाही, म्हणून ऑईल काळं होत नाही, इथपर्यंत स्टँडवरचे बरोबर. पण ऑईल फक्त काजळीने मरत नाही. सीएनजीच्या ज्वलनात उष्णता जास्त, त्या उष्णतेत हवेतला ऑक्सिजन आणि नायट्रोजनचे ऑक्साईड ऑईलला लागतात, ऑईल हळूहळू घट्ट होतं, आंबट होतं आणि आत तपकिरी लुकणासारखा थर धरायला लागतो. हे सगळं होत असताना काडीवर ते मधासारखंच दिसतं. रंग बघून ऑईल ठरवायचं नाही, ना डिझेलमध्ये ना सीएनजीमध्ये.

आणि किलोमीटर सुद्धा तुम्हाला फसवतात. घोडबंदर रोडला सकाळी तुमचा वेग किती पडतो, धरा सरासरी २०. त्या वेगाने १०,००० किमी व्हायला इंजिन ५०० तास चालतं. तेच हायवेला ६०च्या सरासरीने जाणाऱ्याचे १६७ तास. मीटर दोघांचा सारखा दिसतो पण तुमचं ऑईल तिप्पट वेळ शिजलंय, शिवाय स्टेशनबाहेर एसी लावून उभं राहता तेव्हा तास वाढतात आणि किलोमीटर शून्य. म्हणून टॅक्सीला २० हजार म्हणजे हायवेवाल्याचे ६० हजार समजा, कुठलं ऑईल टिकेल. ७ ते ८ हजारावर या, तुमच्या रनिंगला ते दीड-दोन महिन्यांत येईल, माहितीये, पोटाला चिमटा आहे, पण गाडी उभी राहिली की दिवसाचा धंदा जातो तो ह्यापेक्षा मोठा आहे.

गरम असताना सिग्नलला आवाज येतोय म्हणजे प्रेशर सगळ्यात कमी असतं तेव्हा टेन्शनरला चेन धरवत नाहीये. वाट बघू नका. आधी प्रेशर मोजा, मग कव्हर खोलून टेन्शनरचा दट्ट्या किती बाहेर आलाय ते बघायला सांगा, शेवटच्या दातापर्यंत आला असेल तर चेन संपली. तोपर्यंत गाडी धक्का स्टार्ट अजिबात करू नका आणि चढावर नुसत्या गिअरवर उभी करू नका, हँडब्रेक पूर्ण ओढा आणि मग गिअर. सैल चेनच्या गाडीत मागे ढकललं जाऊन क्रँक उलटा हलला तर टेन्शनरच्या बाजूला ढील पडते आणि चेन दात सोडते.

अजून एक, ऑईल बदललं की रिकामा डबा तिथेच भोक पाडून टाका. चांगल्या कंपनीचे रिकामे डबे उचलून त्यात भलतंच भरून विकणारे आहेत. सीलबंद डबा, पक्कं बिल, आणि तुमच्या डोळ्यासमोर फोडलेला.

प्रश्न : काका, माझे बाबा ७२ वर्षांचे, चिपळूणला असतात, त्यांची पेट्रोल गाडी २०१७ची पण चाललीय फक्त २१,००० किमी. बाजार, देऊळ, डॉक्टर, सगळं दोन-तीन किमीच्या आत. तीन वर्षांत ऑईल बदललेलं नाही कारण "किमी झालेच नाहीत". मी सुट्टीत गेले तेव्हा ऑईलचं झाकण उघडलं तर खाली पिवळट पांढरी सायीसारखी मलई लागलेली आणि चार-पाच दिवस उभी असलेली गाडी चालू केली की पुढून खडखड येते. हेड गॅस्केट (कूलंट आणि ऑईल वेगळं ठेवणारं सील) गेलं का? (एक वाचक, मुंबई)

उत्तर : ताई, बरं केलंत झाकण उघडून बघितलंत. आधी कूलंटची पातळी बघा, ती खाली जात असेल किंवा काडीवरचं ऑईलही दुधी झालं असेल तर गॅस्केटचा संशय घ्यायचा आणि गाडी चालवायची नाही. पण मलई फक्त झाकणाखालीच असेल आणि कूलंट जागेवर असेल तर ती वाफ आहे. पेट्रोल जळलं की पाणी तयार होतं, त्यातलं थोडं पिस्टनच्या रिंगच्या फटीतून खाली उतरतं, गाडी अर्धा तास चालली तर ऑईल तापून ते उडून जातं, बाबांची गाडी तापायच्या आत घरी येते. त्यात चिपळूणचा पाऊस आणि दमट हवा. थंड इंजिनात पेट्रोलही थोडं थोडं ऑईलमध्ये उतरतं आणि त्याला पातळ करतं, आणि हे पाणी न् आम्ल चेनच्या पिनांवर बसून राहतं. न चाललेली गाडी नवी राहते असं आपल्याकडे मानतात, इंजिनच्या बाबतीत ते खरं नाही.

ऑईल वर्षातून एकदा बदलायचंच, किमी ५०० झाले असले तरी. पावसाळा संपल्यावर, दसऱ्याच्या सुमारास बदललं तर लक्षातही राहतं. आणि उभी राहिल्यावरच्या खडखडीचं पहिलं कारण स्वस्तातलं आहे, फिल्टर. चांगल्या फिल्टरमध्ये आत एक रबरी झडप असते, इंजिन बंद झालं की ती ऑईल खाली उतरू देत नाही, तीन वर्षांत ते रबर कडक झालं असणार, मग वरचं सगळं ऑईल चेंबरमध्ये उतरतं आणि पुढच्या वेळी टेन्शनर रिकामा. नवं ऑईल, चांगला फिल्टर, आणि आठवड्यातून एकदा बाबांना घेऊन कुणीतरी हायवेला अर्धा तास गाडी फिरवून आणायची, सावकाश, इंजिन पूर्ण तापेल अशी. महिनाभराने आवाज गेला असेल तर चेन वाचली. नाही गेला तर मला परत लिहा, पण २१ हजारात चेनला हात लावायची घाई कुणी केली तर लावू देऊ नका.

प्रश्न : माझ्या १ लिटर टर्बो पेट्रोलमध्ये चेन नाही, बेल्ट आहे आणि तो म्हणे ऑईलमध्येच बुडून चालतो. बेल्टला तर ऑईल लागता कामा नये असं ऐकत आलोय. खरं काय? (एक वाचक, पुणे)

उत्तर : दोन्ही खरं आहे. साध्या, कोरड्या बेल्टला ऑईलचा थेंब लागणं म्हणजे विष, कॅम सील गळून बेल्ट सुटलेल्या गाड्या आम्ही बघतो, तिथे बेल्टबरोबर सील बदलायचंच. तुमचा बेल्ट वेगळ्या रबराचा, ऑईलमध्ये चालण्यासाठीच बनवलेला, घर्षण कमी आणि आवाज कमी म्हणून असा केला. पण तो ठरावीक ऑईलसाठीच बनवलाय. दुसरं कुठलं टाकलं, किंवा कमी अंतराच्या फेऱ्यांनी ऑईलमध्ये पेट्रोल मिसळत गेलं आणि ते बदललं नाही, तर रबर फुगतं, कडेने सुटायला लागतं आणि त्याचे बारीक तुकडे थेट जाळीत. म्हणजे बेल्ट तुटायच्या आधीच प्रेशर जातं, टर्बो आणि बेअरिंग जातात. युरोपात अशा इंजिनांचे बरेच लोक ह्यातून गेलेत.

त्यामुळे तुमच्यासाठी नुसतं ५डब्ल्यू-३० पुरेसं नाही, पुस्तकात कंपनीचा जो मान्यतेचा नंबर दिलाय तोच नंबर डब्यावर पाहिजे, अक्षर न् अक्षर. ऑईलची मुदत एक दिवस पुढे ढकलायची नाही. काही इंजिनांत ऑईल भरायच्या तोंडातून टॉर्च मारून बेल्टचा पाठीचा भाग दिसतो, चिरा किंवा कडा फुगलेल्या दिसल्या तर मुदतीची वाट न बघता बदला.

प्रश्न : काका माझी १००ची बाईक, दुधाची, रोज ६० किमी, मागे दोन कॅन. सहा महिन्यांत दोनदा टायमिंग चेन टाकली, परत हेडमधून किरकिर. ऑईल मी घरात उरलेलं कारचं टाकतो, चांगल्यापैकी महागाचं असतं. (एक वाचक, सांगली जिल्हा)

उत्तर : भावा, ऑईल महागाचं आहे पण तुझ्या बाईकचं नाहीये. बाईकमध्ये एकच ऑईल इंजिन, गिअर आणि क्लच तिघांना लागतं, क्लच त्यातच भिजलेला असतो, कारच्या ऑईलमध्ये घसरण वाढवणारी द्रव्यं असतात त्याने क्लच सटकतो, आणि गिअरचे दात ऑईलला चिरडतात तेव्हा टिकायची ताकद त्यात हवी. डब्यावर जासो (बाईकच्या ऑईलचं जपानी मानक) एमए किंवा एमए२ लिहिलेलं पाहिजे, ते बघून घे.

पण चेन दोनदा जायचं मोठं कारण मला वेगळं वाटतं. तुझ्या इंजिनात ऑईल लिटरच्याही आतच बसतं. दोन कॅनचं वजन, खालच्या गिअरला सारखी रेस, जुनी रिंग असेल तर महिन्याला दीड-दोनशे मिली सहज जातं, आणि ६० किमी रोज म्हणजे दोन महिन्यांत साडेतीन हजार. शेवटच्या आठवड्यांत आत अर्धं तरी उरतं का ते बघ. त्यातून वर कॅमपर्यंत पोचतं ते किती. सायलेन्सरमधून सकाळी निळा धूर येतो का तेही बघ, येत असेल तर चेन तिसऱ्यांदा टाकायच्या आधी रिंगचं काम कर, नाहीतर ही पण जाईल.

आणि काडी बघायची ती अशी, गाडी साईड स्टँडवर नाही, मेन स्टँडवर सरळ उभी, तीन-चार मिनिटं चालवून बंद करायची, दोन-तीन मिनिटं थांबायचं, काडी पुसायची आणि आट्यात न फिरवता नुसती टेकवून बाहेर काढायची, बहुतेक छोट्या बाईकना असंच मापतात, फिरवून बघितली तर ऑईल आहे त्यापेक्षा जास्त दिसतं. सोमवारी सकाळी कॅन लावायच्या आधी बघत जा.